बाबांचे पन्नास शब्द

माझे वडील म्बोवाने द्यांती बेंबेसी गावात बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. चाळिशी उलटली तरी त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. १९१४च्या निवडणुकीला अजून वर्षभर होतं. आफ्रिकेतल्या आमच्या ऱ्होडेशियावर एका ब्रिटिश कंपनीचं राज्य होतं, पण कायदेमंडळात काही माणसं मतांनी निवडून जायची. आमच्या म्फेंगू जमातीच्या वस्तीत मत मोजक्यांनाच होतं. कमाई पुरेशी असली तरी साहेबासमोर इंग्रजीतले पन्नास शब्द ऐकून लिहावे लागत.

आई मिशनच्या शाळेत शिकलेली.

"माबेले, मला लिहायला शिकव," बाबा एकदा जेवताना म्हणाले.

"तुमचा हात घणाचा. टाक मोडाल."

"मोडला तर दुसरा आणू. तू रागवायचं मात्र नाही."

"ते काही सांगता येत नाही," आई म्हणाली.

आठ महिने रोज सकाळी भट्टी पेटायच्या आधी दोघं फळीवर कोळशाने अक्षरं काढत बसायची. आई रागवायची, पुसायची, पुन्हा काढायला लावायची. शेजारचे ग्क्साबाकाका कुंपणाशी थांबून विचारायचे, "काय द्यांती, आज किती छड्या?"

"मोजल्या नाहीत," बाबा सांगायचे. "घरच्याच आहेत."

परीक्षेला साहेबाच्या कारकुनाने भराभरा वाचलं. तिसाव्या शब्दाला बाबांनी टाक खाली ठेवला.

"साहेब, मी लिहितो, पळत नाही. जरा हळू वाचा."

कारकुनाने कागद पुन्हा वर धरला. मग त्याने पहिल्यापासून सावकाश वाचलं. दोन शब्द चुकले, तरी नाव यादीत चढलं.

मतदानाला आईही गाडीतून गेली. बायकांना मत नव्हतं. ती बाहेर झाडाखाली बसली. बाबा आले तशी तिने विचारलं, "कुणाला दिलंत?"

"सांगायचं नसतं म्हणे."

"मलासुद्धा?"

बाबांनी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं. तो माणूस निवडणुकीत पडला. बाबांना हळहळ वाटली, पण पुढच्या रविवारी चर्चमध्ये ते उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "देवा, मला शिकवायला माबेलेला एवढा धीर दिलास, तुझे उपकार."

आईने लाजून शालीत तोंड लपवलं. बाहेर पडताना ग्क्साबाकाकांनी तिला गाठलं.

"वहिनी, सोमवारी मी आलो तर चालेल?"

"या," आई म्हणाली. "कोळसा आपला आपण आणा."

त्या वर्षअखेरीस आमच्या फळीपाशी शेजारचे चौघे शिकायला बसत होते.