लादेवीचं पुढे काय झालं

मुंबईच्या विमानतळावर मला निरोप द्यायला धाकटी बहीण सुधा आली होती. रडायचं म्हणून तिनं रुमाल हातात तयार ठेवला होता, पण माझ्या खांद्यावरची लांबलचक नळी बघून तिनं तो परत पर्समध्ये टाकला.

"ताई, त्या बाईलाही नेतेस का न्यूझीलंडला?"

नेत होते. नळीत एका शिलालेखाचा शाईनं घेतलेला ठसा होता आणि ती बाई म्हणजे लादेवी, कोकणातल्या एका लहानशा राजाची राणी, काही शतकांपूर्वीची. नावाचा पुढचा भाग शिळेबरोबर फुटून गेला, 'लादेवी' तेवढं उरलं. नवरा लढाईत गेला तेव्हा मुलगा पाळण्यातून नुकता उतरलेला, दोन दीर गादीवर डोळा ठेवून आणि सासूबाई दिरांच्या बाजूनं. हिनं मुलाच्या नावानं कारभार केला, दिरांना लांबच्या किल्ल्यांवर पाठवलं, सासूबाईंच्या नावे देऊळ बांधून त्यांचं तोंड बंद केलं. पुढे मुलगा मोठा झाला, पुढच्या शिळेवर त्याच्या एकट्याचं नाव आलं आणि राणी जी नाहीशी झाली ती झालीच.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. सगळ्या उन्हाळी सुट्ट्या मी या बाईच्या मागे घालवल्या. आई म्हणायची, "तुझी राणी राज्य बघेल, तू आधी कुकर लाव."

ऑकलंडला उतरल्यावर तिथल्या अधिकारी बाईंनी 'किया ओरा' असा तिथला माओरी नमस्कार करून हसत माझी बॅग उघडली. पेरायला आणलेलं मेथीचं बी काढून घेतलं, मग नळी उघडून ठसा टेबलावर पसरला. हे कोण, म्हणाल्या. मी म्हटलं, क्वीन. त्यांनी ठशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि राणीला देशात घेतलं.

नातवंडं सांभाळायला जगभर पांगलेल्या माझ्या मैत्रिणींनो, मला कशाला बोलावलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. मुलगा मंदार आणि सून केतकी दोघंही आयटीत. आमच्या अप्पर हट गावाहून सकाळच्या ट्रेननं वेलिंग्टनला जायचं, संध्याकाळी यायचं. नात सई तेव्हा आठ वर्षांची. इथे चौदा वर्षांखालच्या मुलाला देखरेखीच्या सोयीशिवाय घरात एकटं ठेवलं तर कायदा आडवा येतो. म्हणजे राजा अल्पवयीन, आणि आमचे हे गेल्यापासून पुण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलणारी मी त्याच्या नावानं कारभार करायला मोकळी.

कारभार मी चोख केला. ओले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, सोफ्यावर टाकायला बंदी, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून स्वयंपाकघरात यायला बंदी. सईच्या डब्यात मेथीचे ठेपले गेले, आणि आठवड्याभरात तिच्या दोन मैत्रिणी डबा बदलून मागायला लागल्या. मी मराठीत हुकूम सोडायचे, ती इंग्रजीत मान्य करायची. 'स्वीट ॲज' म्हणजे होकार, हे कळायला मला महिना लागला. तोवर मी "ॲज काय?" म्हणून वाट बघत उभी राहायचे.

तर परवा सई चौदा वर्षांची झाली. केक कापल्यावर केतकी प्रेमानं म्हणाली, "आई, आता तुम्ही अगदी मोकळ्या. पुण्याला हवं तितके दिवस राहून या."

बिचारी मनापासून बोलली. मी मात्र केकची बशी खाली ठेवली. वर्गात मी ठणकावून सांगत आले होते की राणीनं वेळ येताच समाधानानं सत्ता सोडली. त्या केकसमोर कळलं की समाधानबिमाधान काही नसणार, तिलाही माझ्यासारखीच धडकी भरली असणार.

सईला सुट्टी होती. सोमवारी ती पहिल्यांदा घरी एकटी राहणार, आणि मी वेलिंग्टनला जाऊन मजा करायची, असं सर्वानुमते ठरलं. मी ट्रेनमध्ये बसले, पुढच्याच स्टेशनवर उतरले आणि चालत परत आले. आमच्या घरासमोर कोपऱ्यावर एक डेअरी आहे. डेअरी म्हणजे गोठा नव्हे, इथलं वाण्याचं दुकान. तिथून आमचा दरवाजा स्वच्छ दिसतो. मी ब्रेड न्याहाळत उभी राहिले. इतका वेळ, की दुकानदारीण बाईंनी मला खुर्ची दिली.

राज्यात गडबड व्हावी असं मला वाटत होतं. मोठी नको, दूध उतू जाण्याइतकी.

थोड्या वेळानं दरवाजा उघडला आणि सई रस्ता ओलांडून थेट दुकानाकडे यायला लागली. मी आईस्क्रीमच्या फ्रीजरमागे वाकले. गुडघा वाजला.

"हाय आजी," ती दूध उचलत म्हणाली. "हाऊ वॉज वेलिंग्टन?"

"गर्दी होती," मी म्हटलं.

घरी नेऊन तिनं मला बसवलं आणि चहा टाकला. आलं न किसता अख्खा तुकडाच टाकला, पण टाकला. मग समोर बसून विचारलं, "आर यू गोइंग टु डू धिस एव्हरी डे?"

मी खरं ते सांगून टाकलं. तुझं राज्य सुरू झालं, माझं काम संपलं. आता मी इथे कोण आणि तिकडे तरी कोण?

दिवाणखान्यात लादेवीचा ठसा टांगलेला आहे. तिची गोष्ट सईला तोंडपाठ आहे. ती तिकडे बघत म्हणाली, "सो व्हेअर डिड शी गो, आफ्टर?"

"कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं माहेरी, कुणी म्हणतं वनात. मी 'ती काशीला गेली' असं लिहिलं होतं."

"मेबी शी डिडन्ट गो एनीव्हेअर." सईनं खांदे उडवले. "शी लिव्ह्ड देअर, आजी."

मी कपातलं आलं काढून बशीत ठेवलं. मला एकदम रडू आलं आणि मी ते आल्यावर ढकललं.

सुधा, मी दिवाळीला येतेय. फ्लॅट झाडून ठेव. परतीचं तिकीट काढलंय, अप्पर हटचं. आणि आपल्या इतिहासवाल्या मंडळींना सांग, राणीला मी देवळात शोधलं, वनात शोधलं, काशीपर्यंत शोधलं. ती घरीच होती. मुलगा दरबारातून आला की त्याला जेवायला वाढत असेल. ते काही कुणी शिळेवर कोरत नाही.