बाशिंगाआडचा चेहरा

शिकणाऱ्याच्या कागदाला शिकवणाऱ्याने हात लावायचा नाही, हा आमच्या कलादालनाचा नियम. तो मीच केला होता आणि मीच मोडला. स्वभावच तसा! समोरचा माणूस चुकतोय आणि आपण हाताची घडी घालून उभं राहायचं, हे मला जन्मात जमलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या ठेवायच्या एका जुन्या वखारीला चुना फासून आम्ही चार हौशी मंडळींनी कलादालन थाटलं होतं. मी शाळेत ड्रॉइंगची बाई. मुंबईच्या चित्रकारांची नव्या धाटणीची चित्रं आली की लोक मान तिरकी करून विचारायचे, "बाई, हे सुलटच टांगलंय ना?" रत्नागिरीकराची जीभ, ती काय हार जाते होय! मग आम्ही ठरवलं, लोकांनाच चित्रं काढायला बसवू. आठवडा बाजाराला वरच्या गावांतून बायका येत. बाजार उरकला की एस्टी सुटेपर्यंत दोनेक तास त्या आमच्या वर्गात बसत, टोपल्या दाराशी ठेवून, हातात कोळशाची कांडी धरून. वर्षाअखेर त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं. विषय दिला, घरातलं माणूस.

एकीने नवरा काढला. सदरा, हात, पायातल्या वहाणा, सगळं झकास, आणि तोंडाच्या जागी कोरा गोल. पंचविशीची असेल. मी म्हटलं, "अगो, नाक-डोळे कुठायत?"

खाली मान घालून म्हणाली, "आठवत नाय, बाई."

मी हसले. हसायला नको होतं. नवरा मुंबईला गिरणीत. लग्नाला पाच वर्षं, आणि तो यायचा गणपतीला नि शिमग्याला, आठ-आठ दिवस. तेव्हा घर माणसांनी भरलेलं. चारचौघांत नवऱ्याकडे मान वर करून बघायची रीत नाही. फोटो एकच, लग्नातला, त्यात बाशिंगाच्या झिरमिळ्यांनी सगळं तोंड झाकलेलं. गिरणी बंद पडली आणि तो गावकीची खोली, म्हणजे गाववाल्यांनी मुंबईत मिळून घेतलेली, सोडून निघून गेला. वर्ष झालं, पत्र नाही. घरी म्हातारी सासू, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "तोंड काढता आलं, तर चित्र घेऊन हुडकायला जाईन," ती म्हणाली.

चार आठवडे ती काढत होती नि पुसत होती. कागद पार काळवंडला. पाचव्या आठवड्याला मी तिच्या हातातला कोळसा हिसकावलाच. "सांग बघू, कपाळ कसं? भुवया?" ती चाचरत सांगे आणि मी काढी. अर्ध्या तासात तोंड उभं राहिलं. ती बघत राहिली. "व्हय. हेच," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी आपली फुशारले.

प्रदर्शनाला मी आईला घेऊन गेले. भिंतीच्या कडेकडेने बघत ती त्या चित्रापाशी आली आणि थांबली.

"अगो, ह्याला इथे कुणी आणलं?"

तो माझा भाऊ होता. तेच जरा डावीकडे कललेलं नाक, तीच हनुवटीवरची खळी. भाट्याच्या खाडीत बुडाला तेव्हा एकोणीस वर्षांचा; देह मिळालाच नाही. हार घालावा लागेल म्हणून आईने त्याचा फोटो भिंतीवर लावू दिला नव्हता. त्याला मी परक्या बाईच्या नवऱ्याच्या सदऱ्यात आणून उभा केला होता. त्या पोरीने सांगितलं होतं काय? कपाळ रुंद, भुवया दाट. एवढंच. बाकीचं माझा हात कुठून आणत होता, मला कळलंसुद्धा नाही.

आई रोज यायला लागली. चित्रासमोरच्या बाकावर बसून राहायची. मी म्हटलं, घरी दुसरं काढून देते. "नको. इथे लोक बघतायत त्याला," ती म्हणाली. दुपारी दालन रिकामं असलं की त्या भिंतीकडे पाठ करायची माझी छाती होत नसे. शाळेत फळ्यावर साधा माठ काढायला घेतला, तरी मध्येच खडू ठेवून द्यायची.

प्रदर्शन संपलं आणि ती पोर चित्र न्यायला आली. माहेरच्या म्हाताऱ्या मामाला सोबत घेऊन मुंबईला निघाली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण ती इतकी आनंदात होती, आणि, लाज वाटते पण सांगते, माझ्या मनात आलं, शोधू दे. माझ्या भावाला शोधणं सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. मी चित्राची गुंडाळी केली आणि वर दोरा बांधून दिला.

महिन्याने ती वर्गात आली. पार वाळली होती. चित्राच्या कडा फाटलेल्या.

"गावकीच्या खोलीतले म्हणतात, वहिनी, हा तो नव्हे. मेल्यांनी मलाच वेडी ठरवली! माझा नवरा मला ठाऊक नाय व्हय? तशीच फिरले. खानावळी, गिरण्यांचे दरवाजे, इस्पितळं. एका इस्पितळात एक बेवारशी माणूस व्हता. तापाने फणफणलेला, नाव सांगता येईना. त्याच्याजवळ चित्र धरलं. तो नव्हता. म्हणून निघाले."

मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं. हे तोंड माझ्या भावाचं आहे. तो मेलाय. चूक माझी आहे.

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती चित्राच्या फाटक्या कडा सारख्या करत बसली. माझ्याच्याने राहवेना. "तो इस्पितळातला माणूस," मी विचारलं, "तो कसा होता दिसायला?"

तिने डोळे मिटून आठवून बघितलं.

"त्याच्याकडं कुठं बघितलं, बाई," ती म्हणाली. "मी चित्राकडंच बघत व्हते."