ढवळेबाईंची बाटली

ढवळे हे बाईंचं आडनाव नव्हे. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्या पांढरं पाणी ढवळताना दिसल्या, म्हणून कुणा शहाण्याने ठेवलेलं नाव ते. पाण्यात एक अतिसूक्ष्म पांढरी भुकटी मिसळली, की नळीतून वाहताना ते जास्त उष्णता उचलतं आणि यंत्रं थंड राहतात. ऐकायला झकास. पण भुकटीला पाण्यात तरंगत राहायचा कंटाळा. ढवळलं की दूध, जरा पाठ फिरवली की तळाशी गाळ. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घरी आई म्हणायची, "बस की गं जरा." नातेवाईक विचारायचे, "बस्तान बसलं का नीट?" आणि प्रयोगशाळेत बसलं म्हणजे मेलं. चाळिशी उलटलेल्या बाई दोन्हीकडून दमल्या होत्या.

शेवटच्या मिश्रणाची बाटली मार्गदर्शक सरांनी घरी न्यायला सांगितली, कारण प्रयोगशाळेत पंपांमुळे टेबलं थरथरतात. "दोन महिने पांढरं राहिलं, तर प्रबंध लिहायला घ्या."

"आणि बसलं तर?"

"मग बघू."

या 'बघू'चा अर्थ बाईंना पाठ होता. पुन्हा पहिल्यापासून. तेवढा जीव आता उरला नव्हता.

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. "सांभाळ हं आई, माझं सगळं हिच्यावर आहे," एवढंच त्या म्हणाल्या. रोज संध्याकाळी येऊन बघावं, तर पाणी दुधासारखं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मनात येऊन जायचं. पण थकलेल्या माणसाला चांगली बातमी उलटून बघायचा उत्साह नसतो. बाई चक्क गुणगुणायला लागल्या.

एक दिवस डोकं दुखलं म्हणून त्या दुपारीच घरी आल्या. आई खिडकीशी उभी होती. दोन्ही हातांत बाटली धरून जोरजोरात हलवत होती.

"आई, काय करतेस?"

"रोजचंच, दिवसातून दोन-तीनदा. आज तू लवकर आलीस. अगं, पहिल्याच आठवड्यात खाली पांढरं बसलं होतं. तुझं तोंड उतरलं असतं. औषधसुद्धा हलवूनच घेतात ना?"

बाईंना राग आला, पण तो काढायचा कुणावर? त्या तिथेच फरशीवर बसल्या.

"बसलीस एकदाची," आई समाधानाने म्हणाली. "चहा टाकते."

चहा होईपर्यंत बाईंच्या मनात एक विचार येऊन गेला: हे आपल्या दोघींशिवाय कुणाला कळणार? मग त्यांनी सरांना फोन लावला. "सर, बसलं." आईने हलवल्याचंही सांगितलं.

"काय म्हणाले गं?" आईने कप पुढे केला.

"बघू म्हणाले."

"मग झालं तर," आई म्हणाली. बाटलीच्या तळाशी आता किंचित पांढरं जमायला लागलं होतं. ते दिसताच सवयीने तिचा हात तिकडे गेला. बाईंनी तो मध्येच धरला आणि चहा गार होईपर्यंत सोडला नाही.