पॅलेटची फळी आणि मागचे खिळे

मंडळी, चिंचोळी एमआयडीसीतून आणलेली, माल रचायची लाकडी पॅलेट आज दिवसभर मोडत होतो. आईसाठी बाकडं करायचं होतं. पण पहारीनं उचकटली की फळी चिरलीच. फळ्या गेल्या, कंबरही गेली.

आई सकाळपासून उंबऱ्यात बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "तुजं वडील मिलमधली खोकी मोडायचं, तवा आदी मागनं खिळ्यांची वाकलेली टोकं सरळ करायचं. मग फळी अलगद निघायची."

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. त्याच फळ्यांच्या पाटावर जेवून मी मोठा झालो.

"मग सकाळीच का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कुटं?"

दोनच फळ्या धड उरल्यात, एका पाटापुरत्या. तुम्ही घरातल्या मोठ्यांना शेवटचं कधी काही विचारलंत?