तडकलेलं पेडल

धातूची पूड थरावर थर वितळवून सुटे भाग घडवणारं यंत्र वाळूजच्या एका कंपनीनं आमच्या विद्यापीठाला दिलं. तेव्हापासून कंपनीतर्फे एक इंजिनिअर दर आठवड्याला प्रयोगशाळेत यायचे. बूट दाराशी काढायचे, तयार भागावरून डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि माझ्या विद्यार्थ्यांना म्हणायचे, "लई भारी. पण घाई नाय करायची."

गाडीचं ब्रेक-पेडल चाचणीत टिकलं, तेव्हा कंपनीचे मोठे साहेब स्वतः आले आणि लगेच उत्पादन सुरू करा म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर मात्र उभे राहिले.

"साहेब, याच्या आधीचं पेडल तडकलं होतं. का तडकलं, ते अजून कळलं नाय. यावर कुणाचा तरी पाय पडणार हाय."

उत्पादन लांबणीवर पडलं. लवकरच त्यांची बदली कंपनीच्या गोदामात झाली आणि त्यांचं येणं बंद झालं.

कारण सापडायला आम्हाला फार दिवस लागले. पूड दमट राहिल्यानं धातूच्या आत बारीक पोकळ्या राहत होत्या. मी त्यांना गोदामात फोन करून हे सांगितलं.

"पोरांनी शोधलं का, मॅडम?"

"हो, त्यांनीच."

"मग आता सांगा साहेबांना," ते म्हणाले, "करा म्हणावं सुरू."