ज्या गाण्यात कोणी गात नव्हतं

प्रणाली गेली ती भाद्रपदात. कावीळ अंगात भिनली ते उशिरा कळलं. माणगावच्या डॉक्टरांनी पनवेलला न्यायला सांगितलं आणि पेणच्या अलीकडेच पोरीने आईच्या मांडीवर मान टाकली. श्रीवर्धनच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. आमच्या दिवेआगरात गौरीच्या फेरात पहिला सूर तिचाच असायचा. हळदीला, बारशाला, देवळातल्या भजनाला, कुठेही गाणं म्हटलं की प्रणालीला बोलवा.

त्यामुळे तिच्या आईचे, विनितावहिनींचे, फार हाल झाले. माझं घर त्यांच्या दगडी गडग्याला लागून, म्हणून मी जवळून पाहिलं. कुठलंही गाणं कानावर आलं की त्या उठून मागच्या दारी विहिरीकडे जायच्या. पाववाला स्कूटरवर गाणी लावत आला तर मीच पुढे होऊन त्यांचे पाव घेई. आणि घरात तर उलटंच चाललेलं. तुळशीरामदादा, त्यांचे यजमान, रोज दुपारी ओटीवर बसून मोबाइलवर लेकीचं भजन ऐकायचे. तेच ते, परत परत. वहिनी विहिरीपाशी पदर कानाला धरून उभ्या. नवराबायकोंत एवढंच अंतर, पण ओलांडता येईना.

वादळात आडव्या झालेल्या सुपारीच्या वाडीत त्यांनी नव्याने रोपं लावली होती, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. दिवाळीनंतर त्या उघडाव्याच लागल्या. डोंबिवलीहून मृणाल नावाची मुलगी आणि तिची मित्रमंडळी आली. सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी सुपारीच्या झाडाखाली स्पीकर ठेवला आणि नाचायचं म्युझिक लावलं. धप्, धप्, धप्. दादा ओटीवरून ताडकन उठले.

"राहू द्या," वहिनी आतून म्हणाल्या.

मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात नारळ खोवायला मदत करत होते. मला वाटलं, आता या विहिरीकडे जाणार. त्या गेल्या नाहीत. विळीवर हात तसाच चालू राहिला आणि थोड्या वेळाने तो त्या ठोक्यावर पडायला लागला. मग त्या उठल्या आणि बाहेर गेल्या.

मृणाल घाबरली. "सॉरी काकू, बंद करते."

"बंद नको. ह्यात कोण गात न्हाय का?"

"नाही काकू. हे सगळं कॉम्प्युटरवर करतात. नुसतं नाचण्यासाठी."

"कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या देवाचं, असं काय न्हाय?"

"कशाचंच नाही," मृणाल हसली. "नुसता आनंद."

जाताना तिने वहिनींच्या फोनमध्ये तासाभराचं म्युझिक घालून दिलं.

मग रोज सकाळी दादा वाडीत शिंपण्याला गेले की वहिनींच्या पडवीतून ते ऐकू यायचं. मलाही सवय झाली. ठोका हळूहळू चढत जातो, वर, अजून वर, आणि मग सगळं एकदम थांबतं. वाटतं, संपलं. आणि पुढच्याच क्षणाला दुप्पट जोराने सगळं परत येतं, जत्रेतल्या पाळण्यातून खाली येताना पोटात होतं तसं करत. एकदा मी वाटी मागायला गेले तर वहिनी पदर खोचून नाचत होत्या. येत नव्हतं त्यांना. नुसते पाय आपटत होत्या, डोळे मिटून, घामाने भिजून.

मला पाहून थांबल्या. "येड लागलंय म्हणशील."

"नाही हो."

"अगं, दुसऱ्या कुठल्या पण गाण्यात ती बसलेली हाय. आरतीत हाय, पाळण्यात हाय. ह्यात ती न्हाय. ह्यात कोणच न्हाय. तेवढा वेळ मला श्वास घ्यायला मिळतो."

गावात बोलणं सुरू झालं. लेक जाऊन वर्ष नाही झालं आणि आई डीजे लावून नाचते. ते दादांच्या कानावर गेलं आणि एका दुपारी गडग्यापलीकडून आवाज चढले.

"लोकं मला इच्यारतात! काय सांगू त्यांना?"

"सांगा, बायको बिघडली."

"मी पोरीचा आवाज जपून ठेवलाय आन् तू तिला इसरायला बघतेस!"

"इसरायला न्हाय." वहिनींचा आवाज एकदम खाली आला. "तुमाला ती जिथं हाय तिथं बसावंसं वाटतं. बसा. मला घडीभर तिच्याबिगर र्‍हाऊ द्या. न्हायतर मी चूल तरी कशी पेटवू?"

त्या दिवसापासून दादांनी भजन ऐकायला वाडीत जाणं सुरू केलं.

शिमग्याच्या सुट्टीत कल्पिता आली, प्रणालीची कॉलेजातली मैत्रीण. इतके दिवस धीर झाला नव्हता तिला. मी वहिनींबरोबर पडवीत सुपारी सोलत होते, फोन वाजतच होता. कल्पिता पायरीवरच थबकली आणि रडता रडता हसायला लागली.

"काकू, तुम्ही पण हेच ऐकता? प्रणालीला तर याचं वेड होतं! येताना एसटीत एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या."

वहिनींच्या हातातला कोयता थांबला. "आमची प्रणाली? हे?"

"हो ना. म्हणायची, घरी नको सांगूस, आई म्हणेल कसला धांगडधिंगा. गाताना चुकायची भीती वाटते, हे लागलं की कसलीच भीती वाटत नाही, असं म्हणायची."

फोन वाजतच होता. वहिनींनी कोयता खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाचायची?"

"बसल्या बसल्या. नुसते खांदे."

"कशी? दाखव मला."

कल्पिताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पायरीवर बसून डोळे मिटले आणि खांदे हलवले, हलकेच, एकदा डावा, एकदा उजवा, ओठ दाबून हसू आवरत. हुबेहूब प्रणाली. वहिनींनी ते पाहिलं आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या. वाडीतून दादा धावत आले, तेव्हा कल्पिताने त्यांनाही ते सगळं सांगितलं.

त्यानंतर पडवीतून ते म्युझिक कधी आलं नाही. आता पाहुण्यांनी लावलं तर दादा झाडाखाली खुर्ची ओढून बसतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण शेवटपर्यंत उठत नाहीत. वहिनी आत काम करत राहतात. विहिरीकडे जात नाहीत, आणि हातही ठोक्यावर पडत नाही.

परवा मी विचारलं, "बंद करायला सांगू का त्या मुलांना?"

"नको," त्या म्हणाल्या. "नाचू दे. त्यांच्या आयांना कुठं ठाव असेल, आपली पोरं अशी हसतात ते."