गाडीचं दावं

आज एका तरुण गिऱ्हाइकानं आमच्या जुन्या स्टेशन वॅगनच्या दाराखाली हात घातला आणि तो लाल होऊन बाहेर आला. गंजाचा तो ओलसर वास आला, आणि ही गाडी ज्यांच्याकडून घेतली त्या खानसाहेबांचं छावणीतलं अंगण मला दिसलं.

आईला तेव्हा बसवत नव्हतं. देवगाव रंगारीहून शहरातल्या दवाखान्यात तिला आडवीच आणावी लागायची, म्हणून मला लांब गाडी हवी होती. पण मी वाळूजच्या कारखान्यात पत्र्याचंच काम करणारा. गाडीचा गंजलेला पत्रा बघताच म्हणालो, "अण्णा, हिच्यात काय राहिलं नाय."

जन्मभर मेंढरं राखलेले माझे वडील गाडीकडं बघतच नव्हते. ते खानसाहेबांकडं बघत होते. खानसाहेब बोलता बोलता रुमालानं ड्रायव्हरशेजारची सीट पुसत होते, फक्त तेवढीच. "बेगम यहाँच बैठते थे," ते हळूच म्हणाले.

"घे," अण्णा मला म्हणाले. "जपलेलं जनावर हाय. तुझ्या आईला नीट आणंल."

किल्ली मिळाल्यावर अण्णांनी ती छल्ल्यातून सोडवली आणि रिकामा छल्ला खानसाहेबांच्या तळहातावर ठेवला. "ह्ये तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नायत." मला लाजच वाटली. गाडीला कुठं दावं असतं!

आज मागच्या फळीवरून, जिथं आई आडवी असायची तिथून, एकदा हात फिरवला आणि किल्ली सोडवून त्या तरुणाला दिली.

"काका, छल्ला?"

मी मूठ मिटून घेतली.